बिनभाकरीचं ताट

काळ्या ब्लाऊजला मी निळ्या दोऱ्यानं हुक लावले आणि वर गिऱ्हाइकाशी भांडलेही. ती बिचारी हळू आवाजात म्हणत होती, "ताई, दोरा निळा लागलाय," आणि मी तिला ऐकवत होते की इतकी वर्षं ब्लाऊज शिवतेय, मला दोरे ओळखायला शिकवू नका. ती गेल्यावर ब्लाऊज दारात उजेडाला नेऊन पाहिला. मला काळाच दिसत होता. आमचे हे वाळूजहून कंपनीची पाळी करून आले, तेव्हा त्यांना दाखवला. ते म्हणाले, "निळा हाय." मग काढलेल्या चपला परत पायात घालून म्हणाले, "चल."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण बोलायला स्पष्ट होत्या. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर सूज आलीय, साखरेमुळं. इंजेक्शन देऊ, पण रक्तातली साखर उतरली नाही तर त्याचा उपयोग व्हायचा नाही, आणि गेलेली नजर मग कुणालाच परत आणता येणार नाही. साखर आहे हे मला ठाऊक होतं. गोळी घ्यायची आणि दोन भाकऱ्या जास्त खायच्या, असा माझा त्यावरचा इलाज होता. नजर गेली तर शिलाई गेली, आणि शिलाई गेली तर माझ्यात उरतंय काय, हा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला. ह्यांना मात्र म्हटलं, डॉक्टर लोकांना घाबरवायची सवयच असते.

तिथून साखरेच्या डॉक्टरांकडं पाठवणी झाली. त्यांच्याकडं ही गर्दी. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी कागदावरून मान वर न काढता सांगितलं, "धान्य बंद करा. पोळी, भाकरी, भात, काही नको." मी वाट बघत राहिले की आता पुढं काहीतरी सांगतील. त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

माझं माहेर देवगाव रंगारीचं. शाळू ज्वारीची पांढरीशुभ्र भाकरी, वर ताजा ठेचा आणि कच्चं तेल, एवढ्यावर मी वाढले. आमच्याकडं पाहुण्याला "जेवलात का" असं विचारत नाहीत, "भाकरी झाली का" असं विचारतात. भाऊ अजून दरवर्षी ज्वारीचं पोतं एसटीच्या टपावर टाकून पाठवतो. त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मग जेवायचं काय म्हन्त्यात?" मलाही तेच विचारायचं होतं.

त्यात घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईनंच धान्य सोडणं म्हणजे काय, हे कुठल्याही डॉक्टरला कळणार नाही. ह्यांच्यासाठी, मुलीसाठी पोळ्या मलाच करायच्या. टम्म फुगलेली पोळी तव्यावरून काढायची, तूप लावायचं, आणि स्वतः काकडी चावत बसायचं. चौथ्या का पाचव्या दिवशी मी लाटणं आपटलं आणि म्हटलं, उपाशी मरा सगळे. मुलीनं पुस्तकातून डोकं वर काढलं आणि परत घातलं. हे उठले, हात धुतले, माझ्या हातातलं लाटणं घेतलं आणि म्हणाले, "तू तिकडं खोलीत जाऊन बस. वास आला की तुझा जीव जातू."

लोखंड कापणारी यंत्रं चालवणारा हा माणूस. कणकेपुढं पार हात टेकले. पहिली पोळी पोळपाटाला चिकटली ती खरवडून काढावी लागली. दुसरी मधे जाड, कडेला फाटकी. भाकरीच्या वाटेला तर ते गेलेच नाहीत. पण दुसऱ्या दिवशी परत उभे राहिले, तिसऱ्या दिवशीही. पहिली पाळी असली की पहाटे स्वतःच्या डब्याच्या पोळ्याही स्वतःच करायचे. मला वाटलं होतं आठवड्यात हौस फिटेल.

आता आमच्या गल्लीचं सांगते. समोरच्या घरात काकू राहतात, बिडकीनच्या. वयानं माझ्या आईएवढ्या. सगळ्या गल्लीच्या सुखदुःखात त्यांचा हात असतो आणि त्या हातात बहुतेक वेळा झाकलेली वाटी असते. माझ्या डोळ्यांचं कळलं तशा त्या आल्या, पदर खोचून बसल्या आणि डॉक्टर काय म्हणाले ते नीट विचारून घेतलं. मी सांगितलं, धान्य बंद. काकूंचा चेहरा एकदम उजळला. म्हणाल्या, "एवढंच व्हय? अगं मंग त्यो उपासच की. आपल्याला काय नवीन हाय का ते?"

आणि मला ते पटलं. अगदी शंभर टक्के पटलं, हे लिहिताना आता हसू येतं. एकादशीला आपण धान्य खात नाही. मग जे एकादशीला चालतं ते डॉक्टरांनाही चालणार. साबुदाणा काही धान्य नाही. भगर नाही. बटाटा, रताळं, राजगिरा, कशालाच कुणी धान्य म्हणत नाही. माझा जीव भांड्यात पडला.

मग गल्लीनं माझा उपास मनावर घेतला. सकाळी काकूंकडून साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचा कूट मोकळ्या हातानं. दुपारी कोपऱ्यावरच्या घरातून भगर आणि आमटी. कुणी बटाट्याचा कीस आणला, कुणी रताळ्याच्या गोड फोडी. राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा तर काकू रिकामा होऊच देईनात; म्हणायच्या, तोंडात टाकत ऱ्हा, आशक्तपना येईल. इतका निष्ठेनं केलेला उपास मी जन्मात केला नव्हता. भाकरीकडं मी ढुंकून पाहिलं नाही आणि त्याचा मला भारी अभिमान वाटत होता.

रिपोर्ट आला, तो हातात घेऊन डॉक्टरांनी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. साखर उतरायची सोडून चढली होती. ते रागावले. म्हणाले, तुम्ही पथ्य पाळलं नाही. मीही काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. म्हटलं, शपथ घेऊन सांगते, धान्याचा कण पोटात गेला नाही. त्यांनी विचारलं, मग काय खाल्लं? मी एकेक सांगायला लागले. साबुदाण्यापर्यंत त्यांनी ऐकलं, भगरीला पेन खाली ठेवलं, आणि लाडवांपाशी आल्यावर कपाळाला हात लावला. मग मात्र त्यांनी बाहेरच्या गर्दीला थांबवून मला समजावून सांगितलं, की साबुदाणा म्हणजे निव्वळ पीठ, रताळंही त्याच वाटेचं, पोटात गेलं की सगळ्याची साखर होते. अंडी खा, मटण खा, पनीर, दही, पालेभाज्या, शेंगदाणे मूठभर. उपास मात्र एकही करू नका.

घरी येऊन काकूंना सांगितलं. त्या माझ्या स्वयंपाकघरात गेल्या, लाडवांचा डबा उचलला आणि पदराखाली धरून चालत्या झाल्या. दोन दिवस तोंड दाखवलं नाही. शेवटी मीच गेले, तर म्हणाल्या, "माझ्याच हातानं तुझं डोळं घालवीत हुते मी." मी त्यांना म्हटलं, लाडू मीच खाल्ले ना, तुम्ही काय कोंबले तोंडात? त्यांना हसवायला मला बराच वेळ लागला.

मटणाचं ऐकून मात्र पलीकडच्या गल्लीतल्या मुसलमान मावशीला, आमच्या खालाला, आनंद झाला. तिच्या तिन्ही मुलींचे लग्नातले ब्लाऊज मी शिवलेले, तेव्हापासूनची आमची ओळख. तिच्याकडं नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, झाला की आमच्याकडं डबा यायचाच. आता ती स्वतः डबा घेऊन आली, तो एकाच खणाचा. मी वरचं झाकण उघडून दुसरा खण शोधायला लागले, तशी खाला म्हणाली, "नान नक्को. खाली सालन खाव." खलिया आणि नानाशिवाय, हे औरंगाबादेत राहणाऱ्या माणसाला ऐकवत नाही. मी नुसता रस्सा वाटीनं प्यायला सुरुवात केली. खाला समोर बसून राहिली, संपेपर्यंत, आणि जाताना म्हणाली की तिनंसुद्धा आज नान खाल्ला नाही, "अकेली को कैसा छोडती मैं." श्रावण लागल्यावर मी मटण बंद केलं तर तिच्याकडून अंबाडीची आंबट भाजी यायला लागली, लसणाची फोडणी दिलेली.

साखर हळूहळू उतरायला लागली. माझा स्वभाव मात्र त्या महिन्यांत फारच चढला होता. कुणी समोर भात कालवला तरी मला राग यायचा. मुलगी तर शेवटी ताट घेऊन गच्चीवर जाऊन जेवायला लागली. हे सगळं ऐकून घ्यायचे आणि पोळ्या लाटायचे. पोळ्या आता गोल नसल्या तरी मऊ व्हायला लागल्या होत्या.

अशात महालक्ष्म्या आल्या. काकूंकडं महालक्ष्म्या मोठ्या थाटात बसतात आणि मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून जेवायला त्यांची पहिली सवाष्ण मी. सवाष्ण म्हणून पाटावर बसलं की समोरचं पान देवीचं असतं. पुरणाला नाही म्हणायचं नाही, पानात टाकायचं नाही. आणि काकूंचा आग्रह असा, की ताटावर दोन्ही हात आडवे धरले तरी बोटांच्या फटीतून तूप सोडतील. मी कधी चार पुरणपोळ्यांच्या आत सुटले नव्हते.

आदल्या दिवशी सवाष्णींना सांगणं येतं. शेजारणींना आलं. मला आलं नाही. बरं झालं, असं मी ह्यांना म्हटलं, आणि मग दिवसभर मशीन इतकी जोरात चालवली की दोनदा सुई मोडली. हे म्हणाले, "बोलावलं तर खावं लागंल म्हणून नसंल बोलावलं." मी म्हटलं, मला कळतं ते, मी काही कुकुलं बाळ नाही. पण मला फार वाईट वाटत होतं. आजारी माणसाला लोक पंगतीतून असेच हळूहळू बाजूला करत असतील, असं मनात येत होतं.

पूजेच्या दिवशी दिवेलागणीला काकू स्वतः दारात आल्या. हातात कुंकवाची कोयरी. म्हणाल्या, "दोन दिस इचार केला. दुसरी कुणी बसवायची तर मन घेत नाय. चल, पाय धू."

पाटावर बसले आणि पानाकडं पाहिलं. पुरणपोळी होती, पण वाटीच्या बुडाएवढी. मला वाटलं माझ्याचपुरती केलीय. शेजारी पाहिलं, तर पंगतीतल्या सगळ्या सवाष्णींच्या पानात तेवढीच. महालक्ष्म्यांपुढच्या नैवेद्यातही तेवढीच. सोळा भाज्यांची भाजी मात्र माझ्या पानात ढीगभर, आणि दही, आणि पडवळाची कोशिंबीर. कुणीतरी चेष्टेनं विचारलं, "काकू, यंदा पुरनाला हात आखडला व्हय?" काकू म्हणाल्या, "देवीलाबी तेवढीच वाढली. तिची काय तक्रार नाय. ज्यांना पायजे त्यांनी मागून घ्या, आग्रह म्या कुणालाच करनार नाय."

मग त्या पोळ्यांची परडी घेऊन वाढायला निघाल्या. मागणाऱ्यांना दिल्या. माझ्यापाशी आल्या तशा सवयीनं थांबल्या. हात परडीत गेला. मी वर पाहिलं. काकूंनी हात तसाच रिकामा बाहेर काढला, पदराला पुसला आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "महालक्ष्म्या दरसाल येत्यात, बाई. तुझं डोळं गेलं तर ते नाय यायचं परत." आणि भराभर पुढं गेल्या. मला पोटभर जेवू घालणारी माणसं आयुष्यात पुष्कळ भेटली. माझ्यापायी हात आवरणारं माणूस मी त्या दिवशी पाहिलं, आणि त्यांना ते किती जड गेलं तेही पाहिलं. ती एवढीशी पोळी मी पंगत उठेपर्यंत पुरवून खाल्ली.

इंजेक्शनं मधल्या काळात घेऊन झाली होती, त्यानंतर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी डोळ्यात औषध घालून बराच वेळ आत पाहिलं. सूज उतरली होती. नजर राहणार, शिलाई करा खुशाल, असं म्हणाल्या. मी त्यांचे हात धरले. मग विचारलं, आता भाकरी कधीपासून? मनात मी हिशेब घालून ठेवला होता. नवी शाळू ज्वारी येईल तोवर माझं पथ्य संपेल, आणि भावालाही तसं सांगून बसले होते. त्या म्हणाल्या, "कधीपासून नाही, ताई. हे असंच ठेवायचं. कायमचं."

रिक्षात मी रडले. नजर वाचली म्हणून रडायला हवं होतं, पण मी भाकरीसाठी रडले. रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं आणि तो गाडी हळू चालवायला लागला.

घरी आले तेव्हा हे ओट्याशी उभे होते, तव्यावर पोळी होती. मी सांगितलं, सूज उतरली. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग मी सांगितलं, पण हे कायमचं आहे. म्हणजे जन्मभर. त्यांनी पोळी उलटली, गॅस बारीक केला आणि हातातल्या लाटण्याकडं पाहिलं.

"कायमचंच म्हन्तीस तर मला लाटणं दुसरं पायजे," ते म्हणाले. "हे तुझ्या हाताचं हाय, मला लई बारीक पडतं. गुलमंडीच्या बाजारात जाऊ, जरा जाड बघून घीऊ."

मी डोळे पुसले आणि पिशवी शोधायला लागले.