मागाला हात लावणारी बाई

कबनूरला मी जॉबर होतो, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून लावून देणारा. आमच्या कोल्हापूरच्या मालकांनी इथिओपियात कारखाना काढला आणि तिथल्या कामगारांना शिकवायला मला सहा महिन्यांसाठी धाडलं.

"तिथली भाषा येतीया व्हय तुमाला?" बायकोनं विचारलं.

"मागाला कुठं भाषा लागतीया?" मी म्हणालो.

तिथं मी मराठीत बोलायचो, ते त्यांच्या भाषेत. बाकीचं हातवाऱ्यांवर भागायचं. त्या कामगारांत चाळिशीची एक बाई होती. माग चालू झाला की ती त्याच्या लोखंडी चौकटीवर पंजा टेकवून उभी राहायची. मला वाटलं, आपल्यासारखीच नमस्कार करते. पण तिचा हात हळूहळू सरकायचा, एका जागी थांबायचा आणि मग ती माझ्याकडं बघायची. त्या जागेचा बोल्ट तपासला की ढिला निघायचा. तीनदा असं झालं.

मला राहवेना. एका सकाळी ती यायच्या आधी मी मुद्दामच एक बोल्ट थोडा सैल केला. तिनं पंजा ठेवला, जागा शोधली, बोल्टाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि अंगावरच्या शालीचं टोक तोंडाला लावून हसली. मग माझा हात धरून तिथं टेकवला. मला नुसती थरथर लागली, वेगळं काही कळलं नाही.

त्याच आठवड्यात तिच्या पाठीमागं सूत गुंडाळायचं जड लोखंडी बीम धाडकन पडलं. सगळे दचकले. ती मात्र सूत जोडत राहिली. तेव्हा मालकांनी कोल्हापूरहून पाठवलेला मॅनेजर म्हणाला, "अहो, तिला जन्मापासून ऐकू येत नाही. एवढे दिवस तुम्हाला माहीत नाही?"

कसं कळणार? तिथल्या कामगारांपैकी कुणाचंच बोलणं मला समजत नव्हतं. उलट तिच्याशीच माझं सगळ्यांत बरं जमत होतं. पुढं रोज ती माझा हात मागावर टेकवत गेली, तशी ढिली जागा माझ्याही हाताला कळू लागली.

परतायची वेळ आली तेव्हा मॅनेजरनं विचारलं, "तुमच्या जागी कोण?" मी तिच्याकडं बोट दाखवलं.

"ती शिकवणार कशी?"

"तिनं मला शिकवलं तसंच की, साहेब."

त्यानं कागदावर तिचं नाव लिहिलं. वर्षभरानं आमच्यातला दुसरा एक जण तिकडं जाऊन आला. तो म्हणाला, तिच्या हाताखाली आता दोन बायका आहेत आणि माग लावून घ्यायला मॅनेजर आधी तिलाच बोलावतो.