आधी अंघोळ कोण करतं?

धाकटे, तुझ्याबद्दल लिहायला बसले आणि पहिला आठवला तो तुझा प्रश्न. तू कामाला होतीस त्या गिझरच्या दुकानात गिऱ्हाईक आलं, की किंमत, हमी काही सांगायच्या आधी तू विचारायचीस, "घरात सगळ्यात आधी अंघोळ कोण करतं?" माणसं गोंधळून बघायची. मालक कपाळाला हात लावायचा. पण तेवढ्यावरून तुला अख्खं घर कळायचं: म्हातारं माणूस आहे, शाळेची पोरं आहेत, की सकाळच्या पाळीला पळणारं कुणी. एका नव्या जोडप्याला पंचवीस लिटरचा गिझर हवा होता. "दोघांना पंचवीस? पोहायचंय का?" म्हणत तू त्यांच्या गळ्यात पंधराचा घातलास. मालक दिवसभर फुरंगटून बसला.

सगळे तुला गिझरमावशी म्हणायचे. विकून मोकळं होणं तुझ्या स्वभावातच नव्हतं. वर्ष व्हायच्या सुमाराला पिशवीत पाना घालून तू गिऱ्हाइकाच्या दारात हजर. आपलं पाणी जड, ते तापवणाऱ्या कॉइलवर पांढरा थर बसतो, तो खरवडायचा. आतली मॅग्नेशियमची दांडी झिजली असेल तर बदलायची, म्हणजे टाकीऐवजी दांडीच गंज सोसते. मला हे तोंडपाठ आहे, कारण जेवताना तू दुसरं काही बोलायचीच नाहीस.

आईसाठी गिझर तूच निवडलास. तिची अंघोळ सावकाश, बादलीत पाणी काढून, म्हणून साठवणीचा, जाड अस्तराचा. गुडघे धरलेले, गरम पाणी सोडू नका असं डॉक्टरांनी बजावलेलं. तू तिच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतलीस: "नळाला हात लावायच्या आधी बटण बंद."

पण पुढच्या हिवाळ्यात गुडघे जास्तच आखडले. "पाणी तापतं ना गं?" विचारलं, की म्हणे, "छान तापतं." शेजारीण मात्र म्हणाली, "तुमची आई बाथरूममधून कुडकुडत येते." थर साचून पाणी उशिरा तापत असेल, असा तुझा अंदाज. एका रविवारी टाकी उघडलीस आणि कॉइल हातात धरून स्टुलावर बसूनच राहिलीस.

"काय झालं? जळली का?" मी ओरडले.

"ताई, हिच्यावर थरच नाही."

"मग बरंच की!"

"बरं कसलं? एवढ्या जड पाण्यात वर्षभर कोरी राहिली, म्हणजे ही तापलीच नाही."

आई दारातच उभी होती. पकडली गेल्यावर उलट आपल्यावरच उसळली. "तूच म्हणालीस ना, बटण बंद कर! मी लावते, तो तांबडा दिवा लागतो आणि आता शॉक बसेल असं वाटतं. मग लगेच बंद करते."

"आणि गार पाण्याने अंघोळ?"

"तू एवढ्या हौसेने आणलास. नको कसं म्हणू?"

मी तिला झापणारच होते, पण तू मला डोळ्यांनी गप्प केलंस. दुसऱ्या दिवसापासून दुकानात जायच्या आधी तू तिच्याकडे जायला लागलीस. बटण लावायचं, चहा करायचा, पाणी तापलं की बंद करून मोठ्याने सांगायचं, "आई, दिवा विझला गं!" मगच ती आत जायची. मी म्हटलं, अगं, टायमर बसव. तर म्हणालीस, "टायमर तिला हाक मारणार आहे का?"

लोक म्हणायचे, लेक किती करते आईचं! आईची झाली की टाकीत उरलेल्या पाण्यात तू स्वतःची अंघोळ उरकायचीस, हे मलाच ठाऊक. तुझ्या घरी गिझरच नव्हता. दिव्याखाली अंधार! मी टोचलं, की तुझं ठरलेलं उत्तर, "उरलेलं पाणी वाया घालवू का?"

आई गेली आणि तू पातेल्यात पाणी तापवायला लागलीस. मी फोनवर तोंड सोडलं. "तुझे गुडघेही त्याच आईचे आहेत. शनिवारी दुकानात जायचं."

"बघू."

"बघू नाही. आता मी विचारते, तू सांग. घरात सगळ्यात आधी अंघोळ कोण करतं?"

तू हसत सुटलीस. "घरात मी एकटीच की गं!"

"मग सहा लिटर पुरे."

"दहाचा घेऊ. तू राहायला आलीस की तुझी आधी."

त्या शनिवारी तुला ताप होता. पुढचा शनिवार ठरला, तेव्हा तू दवाखान्यात होतीस, आणि तिथून घरी आलीच नाहीस. तो दहाचा गिझर आणायला आपण दोघी गेलोच नाही.