सासू-सुनेचा डोह

मथुराबाई चिडली की पदर कमरेला खोचते. गेली तीन वर्षं तो सुटलाच नाही म्हटलं तरी चालेल.

वणीजवळच्या डोहात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पायाने शिंपले शोधण्यात तिचा जन्म गेला. तळव्याला लागताच तिला कळतं, ही सासू की सून. जाड, काळ्या पाठीची ती सासू, उकडून खायची. पातळ कवचाची ती सून. तिच्या धारेने कैऱ्या सोलायच्या. ही नावं तिच्या आजीच्याही आधीची.

डोहातली वाळू उपसायचं ठरलं तेव्हा पाहणीला एक साहेब आले. पाण्यात उतरले नाहीत, बूट भिजले असते ना! काठावरूनच विचारलं, "शिंपले किती प्रकारचे?"

"दोन. सासू अन् सून."

साहेब हसले. सून म्हातारी झाली की सासू होते, असा तर्क लढवून त्यांनी लिहिलं: एकाच जातीचे, लहान-मोठ्या वयाचे शिंपले, सगळीकडे आढळणारे. त्या एका ओळीवर पोकलेन डोहात शिरलं.

पुढच्या वर्षी नागपूरहून शिंपल्यांचा अभ्यास करणाऱ्या रुपाली मॅडम आल्या. त्या मात्र ओढणी बांधून पाण्यात उतरल्या. शिंपल्याचा आकार पाण्यागणिक बदलतो, नुसत्या नजरेवर जाऊ नये, म्हणाल्या. दोन्हींच्या मांसाचा तांदळाएवढा तुकडा कापून नळीत ठेवला आणि शिंपले परत डोहात सोडले. डीएनए तपासायला आठ महिने लागले. पोकलेनला कुठली आलीय सवड! अर्धा डोह गेला. वाळूच्या ट्रकमधून सांडलेल्या सुना मथुराबाई रस्त्यावरून वेचायची आणि तोंडाला येईल ते बोलायची.

निकाल आला: जाती दोन, आणि तपासलेल्या बाकी कुठल्याच पाण्यात सून नाही.

तहसीलच्या बैठकीत तेच साहेब होते. "पण बाई, सासू-सून तुम्हीच म्हणालात!"

मथुराबाईने ओटीतलं फुटकं कवच टेबलावर आपटलं. "मंग? सून का सासूच्या पोटची असते, साहेब? दुसऱ्या घरची असते ना थे! तुमच्या घरी नाही का सून?"

सगळे हसले. ती हसली नाही. उरलेल्या डोहातला उपसा थांबवायचा कागद तिथेच तयार झाला. रुपाली मॅडमनी तो वाचून दाखवला. त्यात आधीच्या पाहणीतल्या चुकीचं कारण लिहिलं होतं, 'स्थानिकांनी चुकीची माहिती दिल्याने.'

"तुमची चूक माह्या तोंडात कायले घालून राह्यले? खोडा थे."

साहेबांनी पेन उघडून ती ओळ खोडेपर्यंत मथुराबाई टेबलासमोरून हलली नाही.