थांबलेला पारा

"वाफेचं परत पाणी कसं होतं ते हिला विचारा. हिच्या घरी रोज होतं. भट्टीवर."

सर फळ्याकडं तोंड करून बोलले. वर्ग खदखदून हसला. मी उभी होते, बाकाची कड धरून. पालघरच्या त्या कॉलेजात, त्या वर्गात डोंगरातल्या पाड्यावरची मी एकटीच. आमच्या घरात दारूची भट्टी कधी नव्हती. आणि असती तरी? मी खाली बसले.

त्या दिवसापासून माझं नाव भट्टी.

फळ्यावरचा आलेख मात्र मला येत होता. आडवं तापमान, उभा दाब. तुम्ही कुठंही बोट ठेवा, मी सांगते इथं बर्फ, इथं पाणी, इथं वाफ. रेषेवर बोट आलं तर दोन्ही एकत्र. वसतिगृहात डोळे मिटून काढायचे मी तो. पण विचारलं कुणी?

प्रयोगशाळेत तर आणखीच मजा. तिघींचा गट. बाकीच्या दोघी शिरगावच्या, बागायतदारांच्या पोरी. "तू नळ्या धू गं, आमी रीडिंग घेतो. तुला सवय हाय." एकदा मी थर्मामीटरला हात घातला तर सर ओरडले, "फोडशील! आपलं काम कर." आपलं काम म्हणजे नळ. वर्षभर मी तिथंच.

आय नि बा दिवाळी झाली की बोईसरला येतात, कारखान्यात गोण्या उचलायला. मला कारखान्यातच जायचं होतं, पण तिथल्या प्रयोगशाळेत. पांढरा कोट घालून. त्यासाठी प्रॅक्टिकल पास व्हायला हवं.

परीक्षेत नळी ज्याची त्याची. मला नॅप्थलीन आलं, डांबरगोळ्या करतात ते. वितळवायचं, थंड होऊ द्यायचं, तापमान लिहीत जायचं. पारा उतरत आला आणि मधेच थांबला. हलेना. बिघडला? मी बिघडवला? कानात सरांचं 'फोडशील'. नळीत पांढरं धरायला लागलं होतं, तिकडं लक्षच गेलं नाही. घाबरून नळी परत गरम पाण्यात घातली. मग परत तेच. वेळ संपली.

द्रवाचा घन होताना तापमान तिथंच थांबतं. पाठ होतं हो मला हे! पण थांबलेला पारा नळाजवळून कधी दिसला नव्हता.

नापास. सर म्हणाले, "ह्यांना हे जमत नाही." ह्यांना. म्हणजे माझ्या आयलाही, पाड्यालाही.

आय म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाय. ये आमच्यासंगं. गोण्या हायेतच." मायेनंच म्हणाली. त्या रात्री मी खूप रडले.

गेले नाही. पुढच्या वर्षी परत प्रॅक्टिकलच्या वर्गात बसले. गट नवा, नळ तोच. एकीनं नळ्या सरकवल्या, "धुतेस ना?"

"नाय धुणार. ज्याची त्यानं धुवायची."

सर आले. "काय गं भट्टी, काय चाललंय?"

मी ओ दिली नाही. परत हाक मारली. नाही दिली.

"हजेरीत नाव आहे माझं, सर. त्या नावानं हाक मारा."

वर्ग हसलाच. सर म्हणाले, "बाहेर हो." मी हलले नाही. थर्मामीटर माझ्या हातात होता.

परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. मार्क त्यांच्याच हातात, परत नापास करतील, करू देत. मी परत बसेन. नळावर जाणार नाही, गोण्यांवर जाणार नाही. आणि त्या हाकेला ओ देणार नाही.