नकाशावरची पेन्सिलीची रेघ

९ नोव्हेंबर, रविवार. काम एकच होतं — घरासाठी नवा राउटर निवडायचा.

आधीच सांगते, ऑफिसात कुणी भुताचे किस्से सुरू केले की मी डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाते. सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात सोळा वर्षं खरेदीचं काम बघतेय. जे कागदावर आहे ते खरं, बाकी गप्पा — असा माझा हिशेब. आणि घोळ झाला तो नेमका कागदावरच.

आमचं घर अन्नपूर्णा भागात. माझे सासरे नाना टेलिफोन खात्यात लाइन इन्स्पेक्टर होते. घर त्यांनी समोर उभं राहून बांधून घेतलं. चार वर्षांपूर्वी ते गेले. नवरा बदलीवर भोपाळला. घरात मी आणि सासूबाई, म्हणजे आई. ऑगस्टमध्ये त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून मागच्या खोलीत पलंगावरच आहेत. त्यांच्यासाठी ठेवलेली बाई दिवाळीला गावी गेली ती परत आलीच नाही. साहेबांशी भांडून मी घरून काम करायची परवानगी मिळवली. पण अट होती — सोमवारी दहाच्या मीटिंगपासून आठवडाभर बघणार, लाइन तुटत राहिली तर परत ऑफिस. मग आईंना कोण बघणार?

अडचण अशी, की मागच्या खोलीत वायफाय पोचतच नाही. मध्ये जाडजूड भिंत. पुढे बसून काम करावं तर आईंची हाक ऐकू येत नाही.

संध्याकाळी सात वाजता वहीचं पान फाडून निळ्या बॉलपेनने घराचा नकाशा काढला. फोन हातात धरून खोली खोली फिरले, कुठे सिग्नलच्या किती दांड्या दिसतात ते लिहिलं. नकाशाचा फोटो नवऱ्याला पाठवला, कागद घडी करून पर्समध्ये टाकला, पर्स खांद्याला लावली, आईंना सांगितलं, बाहेरून कुलूप घातलं आणि चौकातल्या दुकानात गेले. वाटेत पर्स उघडलीसुद्धा नाही.

दुकानदाराने लगेच तीन डब्यांचा महाग सेट पुढे केला. पूरे घर में मक्खन चलेगा, वगैरे. मी विचारलं, जाड भिंतीपलीकडे चालेल का? तर म्हणाला, गॅरंटी कोणीच देणार नाही. मग मी नकाशा त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो दिव्याखाली धरला आणि सेट परत खोक्यात घालायला लागला.

"दीदी, आपके यहाँ तो पाइप पड़ा है. फिर इतना महँगा क्यों ले रहे हो? पाइप में से तार खींचो, पीछे एक सादा राउटर लगा दो. हो गया."

कुठला पाइप?

त्याने कागद माझ्याकडे फिरवला. पुढच्या खोलीच्या खिडकीपासून आईंच्या पलंगामागपर्यंत तुटक रेघ होती. पेन्सिलीची. दोन्ही टोकांना बारीक गोल, खिडकीपाशी लिहिलेलं — ४ फूट ३ इंच. आणि रेघेवर दोन शब्द : "डोरी आत".

मी तिथेच फोन काढून पाठवलेला फोटो मोठा करून बघितला. रेघ नव्हती. मी मोजते सेंटिमीटरमध्ये. आणि घरात पेन्सिल... मला तरी आठवत नाही.

शहाण्या माणसाने सेट घेतला असता. मी वायरचं भेंडोळं आणि एक सादा राउटर घेतला. पाइप नहीं निकला तो वापस कर देना, असं दुकानदार म्हणाला खरा. पण त्याचं दुकान उघडतं अकराला आणि माझी मीटिंग दहाला. इतकी वर्षं तीन कोटेशनं बघितल्याशिवाय स्क्रूसुद्धा न घेणारी बाई मी. असं का केलं, आजही सांगता येत नाही.

घरी येऊन नव्या फोटोसकट नवऱ्याला सगळं सांगितलं. आधी हसला, दमली असशील, तूच काढली असशील म्हणाला. मग त्याने फोटो मोठा करून बघितला.

"चारचा आकडा बघितलास? नाना असाच काढायचे... वर गाठ मारल्यासारखा."

पाइपाचं त्यालाही ठाऊक नव्हतं. आईंना गोळी देताना सहज विचारल्यासारखं विचारलं, भिंतीतून नानांनी कुठे पाइप टाकला होता का?

"मला काय मालूम," त्या म्हणाल्या. "भिंतीतलं काही सांगायचे थोडीच! विचारलं तर म्हणायचे, काम पडेल तेव्हा सांगेन."

आणि त्या झोपल्या. मी नाही झोपले. पलंगामागच्या भिंतीवर छिन्नी घातली असती तर त्या दचकून उठल्या असत्या, म्हणून सकाळची वाट बघत बसले. चार वेळा कागद उघडला. रेघ तिथेच होती.

तेव्हापासून बरेच खुलासे ऐकले. कागद बदलला असेल. जुन्या पानाचा ठसा उमटला असेल. मी झोपेत लिहिलं असेल — सात ते आठच्या दरम्यान, चौकात चालताना! एकही पटत नाही. दुसरा माझ्याकडे नाही.

सोमवारी सहाला उठले, टेप लावला. खिडकीच्या चौकटीला लागून, जमिनीपासून चार फूट तीन इंच. पेचकसाच्या मुठीने ठोकलं तर आवाज पोकळ आला. प्लास्टर पाडलं. आत लाकडी बूच, बुचामागे पाइप, पाइपात पांढरी नायलॉनची डोरी. पलंग सरकवून त्याच उंचीवर मागचंही तोंड मोकळं केलं. आई धुळीतून बघत होत्या. डोरीला वायर बांधली आणि पलीकडून ओढली. कुठेही न अडकता आली.

साडेनऊला आईंच्या पलंगाशेजारी टेबल मांडलं. दहाची मीटिंग पावणेबारापर्यंत चालली, एकदाही तुटली नाही.

एक राहिलं सांगायचं. वायर बांधताना तिच्यासोबत मी नवी डोरीही बांधली होती, पुढे कुणाला काम पडेल म्हणून. नानांची बाहेर आली, माझी आत राहिली. दोन्ही टोकांना गाठ मारली आणि वायरपुरती खाच पाडून बुचं परत बसवली.