रोज एकच वाफा

मी हरलो की मामा माझा मोबाईल पालथा ठेवायचे, त्यावर तळहात दाबायचे आणि म्हणायचे, "खंड हाय. पीक मेलं न्हाई." पावसानं मध्येच दडी मारली की आपल्याकडे त्याला खंड म्हणतात. मामांनी तो शब्द पत्त्यांसाठी उचलला होता. माणूस सलग हरत गेला की त्याचा खंड पडला, एवढंच.

शेवगावात माझ्या चष्म्याच्या दुकानासमोर वजनकाटा आहे. मामा, म्हणजे सगळ्या गावाचेच मामा, त्या काट्यावर पावत्या फाडायला होते. तुम्हीही काट्यावरची माणसं पाहिली असतील, बहुतेक आळसावलेली असतात. मामा तसले नव्हते. गाडी काट्यावर चढली की चहाचा कप तोंडाशी असला तरी खाली ठेवून उठायचे. "काटा थांबत न्हाई," म्हणायचे. खरं तर काट्याला कसली घाई? घाई ड्रायव्हरला असते.

मी मिरजगावचा. बायको गेल्यावर तिथलं घर नकोसं झालं, म्हणून इथे येऊन दुकान टाकलं. सकाळ गिऱ्हाइकांत जायची, दुपार मात्र खायला उठायची. पहिल्याच आठवड्यात मामा डबा घेऊन रस्ता ओलांडून आले. "एकट्यानं जेवू नये, चष्मेवाले. अन्न अंगी लागत न्हाई." तेव्हापासून चार वर्षं आम्ही दुपारचं एकत्र जेवलो. त्या गावात मला दुसरं माणूस नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

पोकर त्यांनीच शिकवलं. मोबाईलवरचं, रुपया-दोन रुपयांचं टेबल. दोन पत्ते आपल्या हातात, पाच सगळ्यांच्या मध्ये, आणि भोवती अनोळखी माणसं. पण खेळापेक्षा पैसा कसा राखायचा हेच त्यांनी जास्त शिकवलं. खेळायला बाजूला काढलेल्या रकमेला ते बियाणं म्हणायचे. माझं बियाणं दोन हजारांचं. त्याचे वीस वाफे पाडायचे, शंभराचा एक, आणि दिवसाला एकच वाफा भिजवायचा. "वाफा करपला की उठायचं. दुसऱ्या वाफ्याचं पानी त्याच्याकडं वळवायचं न्हाई." बियाणं निम्म्यावर आलं तर वाफे पन्नासाचे करायचे. गेलेलं त्याच दिवशी वसूल करायला बसायचं नाही. हे सगळं ते इतक्या कळकळीनं सांगायचे, की पत्ते राहिले बाजूला, मी दुकानाचा खर्चसुद्धा वाफे पाडून करायला लागलो.

ते स्वतः मात्र खेळत नव्हते. "म्या सोडलं. बारीक अक्षर दिसंना." म्हटलं, वा, माझ्या दारात माणूस चष्म्यावाचून अडावा? नंबर तपासला आणि चांगल्या हलक्या फ्रेमचा चष्मा फुकट करून दिला. मामांनी जरा आढेवेढे घेतले, मग घेतला.

पहिलं वर्ष बरं गेलं, बियाणं बरंच वाढलं. मग माझा खंड पडला. मी बसेन त्या टेबलावर 'कोमल९८' नावाची कुणीतरी यायला लागली. मी कच्च्या पानांवर थाप मारली की ती बरोबर ओळखायची आणि मला पक्की पानं आली की निमूट आपले पत्ते टाकून द्यायची. माझ्या डोळ्यांसमोर पुण्याच्या एखाद्या ऑफिसातली हुशार मुलगी होती. जेवताना मामा हसून विचारायचे, "काल कोमलनं किती पिळलं?" आणि मी भाबडा सगळं सांगायचो. कुठली पानं होती, मनात काय आलं, कुठे भ्यालो. "आज कंच्या टेबलाला बसनार?" तेही सांगायचो. चार महिने हरलो, पण एकदाही नेम मोडला नाही. वाफा करपला की उठत होतो, आणि मामा पाठ थोपटत होते.

कापसाचा हंगाम आला. काट्यावर टेम्पोंची रांग लागली. जेवण झालं की मामा काट्यावर जायचे आणि मी गल्ल्यामागे मोबाईल घेऊन बसायचो. खेळणाऱ्याची पाळी आली की त्याच्या नावाभोवती एक कडं फिरतं. ते संपेपर्यंत बोट हललं नाही तर पत्ते बाद. त्या दुपारी समोर टेम्पो काट्यावर चढला आणि कोमलचं कडं फिरून संपलं. टेम्पो उतरला, बाई हजर. एकदा झालं तेव्हा काही वाटलं नाही. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी मोबाईलवरून नजर उचलून काट्याकडे पाहिलं.

तरी मन मानेना. दुसऱ्या दिवशी काटा रिकामा होता. शेजारच्या भंगारवाल्याला म्हटलं, मी हात वर केला की तुझी गाडी काट्यावर घाल, पावतीचे पैसे माझ्याकडे लागले. डाव रंगला. कोमलनं वाढवले, मी दुप्पट केले, तिची पाळी आली. मी हात वर केला. गाडी चढली आणि मामा मी दिलेला चष्मा कपाळावर सरकवत केबिनमधून बाहेर आले. इकडे कोमलचे पत्ते बाद झाले आणि सगळा डाव माझ्याकडे आला. जिंकून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

कुणी फसवलं की आपण म्हणतो, मला मामा बनवलं. इथे मामांनीच मला मामा बनवलं, असं म्हणून हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

संध्याकाळी केबिनमध्ये गेलो आणि विचारलं, "कोमल कुठंय?" ते कानावर हात ठेवतील, अशी मला आशा होती. त्यांनी फक्त पावतीपुस्तक मिटलं.

"माझं बियानं गेलं हुतं, चष्मेवाले. मोठ्या टेबलाला बसलो. एका दिसात समदे वाफे."

"मग मला मागायचे."

"उसनं घेऊन खेळायचं न्हाई. नेम हाय."

"आणि माझेच का घेतले?"

"बाकीचे रागानं खेळत्यात, त्यांचा भरोसा न्हाई. तुमी हरला की उठता. शंभराच्या वर तुमचं जायचं न्हाई, ह्ये मला ठावं हुतं. तुमाला बुडू दिलं नसतं मी."

हे ते मायेनं म्हणाले, आणि तेच मला सोसलं नाही. शंभर रुपयांचं काय, गल्ल्यातून हरवले तर मी फार शोधत नाही. पण समोर डबा उघडून मी ज्या माणसाला मनातली भीती सांगत होतो, तोच माणूस दोन वाजता ती माझ्यावर खेळत होता. राग आला. खरं सांगायचं तर रडूही आलं. दुसऱ्या दिवसापासून मी शटर अर्धं ओढून एकटा जेवायला लागलो.

आता मोबाईलवरचे ते पैशाचे खेळच बंद झालेत. काट्यावर नवा माणूस आहे. मामा मुलाकडे नगरला गेले आणि वर्षाच्या आत वारले. मला ते महिन्यानं कळलं.

मामांनी शेवगाव सोडलं त्या दिवशी ते माझ्या दुकानाशी आले होते. हातात पिशवी, पायरीच्या खालीच उभे. मी एका म्हाताऱ्या बाबांचा नंबर तपासत होतो. भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं ते एकेक करून वाचत होते.

"येतो, चष्मेवाले," मामा म्हणाले.

मी वळलो नाही. बाबांना म्हटलं, खालची ओळ वाचा. त्यांनी वाचली. म्हटलं, परत वाचा. पायरीवर पडलेली सावली हलत नव्हती.

"आवो, ही वळ दोनदा वाचली की मी," बाबा म्हणाले.

"आणखी एकदा," मी म्हटलं.