माशीबाईंची शिकवणी

मधमाश्यांच्या आठवणीवर संशोधन करणाऱ्या या बाईंची स्वतःची आठवण म्हणजे आनंदीआनंदच. घराच्या किल्ल्या फ्रीजमध्ये सापडायच्या, डोक्यावरचा चष्मा त्या घरभर शोधायच्या. सासूबाई रोज दारात उभ्या राहून डबा, पाकीट, छत्री असा पाढा म्हणून घ्यायच्या. कॉलेजात सगळे त्यांना माशीबाई म्हणत आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

राग यायचा तो विभागप्रमुखांचा. एवढ्याशा किड्याला कसली आलीय आठवण, असं हे सर चारचौघांत म्हणायचे. माश्यांची खोली काढून घेऊन तिथे जुनी कपाटं ठेवायचा त्यांचा बेत होता. अखेर खोलीत काय चालतं ते पाहायला समिती येणार असं ठरलं. खोली गेली तर पोळं जाणार आणि बाईंची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

निळ्या कागदावर साखरपाणी ठेवून बाईंनी माश्यांना तो रंग शिकवला होता. आता साखरपाणी नसलं तरी माश्या निळ्यावरच जायच्या. त्याच सुमारास बाई सरांशीही गोड वागू लागल्या. म्हणजे रोज नाही. सर निळा शर्ट घालून आले, की "शोभतो हं तुम्हाला" म्हणायच्या. बाकीच्या रंगांना तोंडातून ब्र नाही. सर हरभऱ्याच्या झाडावर चढत गेले.

समितीच्या दिवशी सर कडक इस्त्रीच्या निळ्या शर्टात हजर. बाईंनी टेबलावर पिवळा, पांढरा, हिरवा कागद मांडला आणि कपाळावर हात मारला. निळा घरीच राहिला होता. आठवणीवर संशोधन म्हणे, असं म्हणत सर पोट धरून हसले. बाईंनी पेटी उघडली. माश्यांनी टेबलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, त्या थेट सरांच्या पोटावर जाऊन बसल्या.

"हलू नका सर," बाई म्हणाल्या. "त्यांना फक्त आठवतंय."

सर श्वास रोखून उभे राहिले. समितीने खोली बाईंकडेच ठेवली.

संध्याकाळी सासूबाईंनी निळा कागद पुढे धरला. "हा विसरलीस ना?"

"विसरले नव्हते, आई. माश्या पटकन शिकल्या. सरांना जरा वेळ लागला."

सासूबाईंनी हळूच स्वयंपाकघरात डोकावलं. लग्नाआधी पाण्याचा पेलाही हाताने न भरणारा त्यांचा मुलगा गुणगुणत भांडी घासत होता.

"आणि हा गं?"

"त्यांचं चालू आहे अजून," बाई म्हणाल्या आणि आवाज चढवून आत म्हणाल्या, "अहो, कढई काय लख्ख निघालीय!"